आजीची स्मृती कोणत्या मापाने मोजायची?

साठीनंतर प्रत्येकाची स्मरणशक्ती तपासावी, ही सूचना ऐकायला सरळ वाटते. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी अभ्यासाच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना, म्हणजे ७.४ टक्क्यांना, डिमेन्शिया आहे. तरीही सरसकट चाळणीपेक्षा, वागण्यात फरक जाणवताच केलेली तपासणी मला अधिक शहाणपणाची वाटते. लक्षणे नसलेल्यांना तपासून फायदा होतो, असे म्हणण्याइतका पुरावा नाही, हाच निष्कर्ष अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये काढला. शिवाय चाचणी कोणाच्या मापाने बेतलेली? १९७५ मध्ये आलेली, स्मृती तपासणारी प्रसिद्ध तीस गुणांची चाचणी वाक्य लिहायला, शंभरातून सात-सात वजा करायला सांगते. शाळेची पायरी न चढलेली आजी तिथे गुण गमावते. बाजारहाटाचा हिशेब तिचा चोख असला तरी. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये नव्वदच्या दशकात निरक्षरांसाठी या चाचणीची हिंदी आवृत्ती घडवावी लागली, ती यामुळेच.

‘इलाजच नाही, तर निदान कशाला?’ असा आक्षेप येतो. पण विसराळूपणामागे बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य किंवा झोपेच्या गोळ्याही असू शकतात, आणि त्यांवर उपाय आहेत. खरोखर डिमेन्शिया निघाला, तरी बँकेचे व्यवहार, मृत्युपत्र, देखभाल यांबद्दल त्या माणसाला स्वतःचे मत सांगता येते तोवरच ते विचारलेले बरे. मात्र कमी गुण म्हणजे निदान नव्हे. पुढे रक्ततपासणी, गरजेनुसार मेंदूचा स्कॅन आणि घरच्यांशी सविस्तर बोलणे हवेच.