मुंढा, मशीन आणि मार्च

लोक कादंबऱ्या वाचतात, मी जिल्हा परिषदेच्या योजनांचे तक्ते वाचते. सवय जुनी आहे आणि घरच्यांनी आता टोकणं सोडलं आहे. या तक्त्यांत पिठाची गिरणी येते, मिरची कांडप येतं, अलीकडे ब्यूटी पार्लरही आलं. पण पाटाची राणी एकच, शिलाई मशीन.

पैसा कुठून येतो, ते आधी उरकून घेऊ. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या समितीच्या शिफारशींवर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. तेव्हा या कथेचं मूळ आमच्या यवतमाळ जिल्ह्याचंच, असं आम्ही अभिमानाने सांगतो. जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नाचे, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘सेसफंडा’चे, दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे. महिला व बालकल्याण समितीची सभापती महिलाच. २०१४ च्या शासन निर्णयाने योजनांचे दोन गट पाडले, एक प्रशिक्षणाचा आणि दुसरा वस्तूंचा. नगरपालिकांचा पाच टक्के निधी वेगळा. शिवाय २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ म्हणजे ‘माविम’, बचत गटांसाठीचं २०११ पासूनचं ‘उमेद’ अभियान आणि बँकांच्या आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतलं मोफत प्रशिक्षण. झाली पार्श्वभूमी.

आता मशीन. यंत्रांवर रागावलेल्या गांधीजींनी १९२४ मधल्या एका संवादात शिलाई मशीनला मात्र सूट दिली होती. सिंगरने बायकोचे टाके घालण्याचे कष्ट बघून, तिच्यावरच्या मायेने हे यंत्र काढलं, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात १८५१ चं पेटंट घेणारा आयझॅक सिंगर हा फिरता नट, एकाच वेळी अनेक संसार थाटणारा. त्याच्या मशीनने मात्र कितीतरी मोडते संसार सावरले. नियतीलाही विनोद कळतो!

गावातला शिलाई वर्ग मी डोळे मिटून ओळखेन. आधी वर्तमानपत्रावर कापाकापी, मग झबलं, टोपडं, परकर, फ्रॉक, पंजाबी ड्रेस. ब्लाउज सगळ्यात शेवटी, आणि नेमकी तिथेच वर्गाची मुदत संपत येते. गावात पैसा देतो तो ब्लाउजच. साधा, अस्तराचा, कटोरीचा, प्रिन्सेस कटचा. एकेक पायरी चढली की शिलाई वाढते. कटोरीत मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, चुकला की काखेत घोळ येतो, आणि गिऱ्हाईक काही न बोलता पुढच्या वेळी तालुक्याच्या टेलरकडे जातं. मुंढा हा शिवणकामातला खरा पेपर आहे, असं माझं ठाम मत. झबलं-टोपडं एका आठवड्यात आटोपून उरलेला सगळा वेळ मुंढ्याला द्यावा, हे मी भेटेल त्या प्रशिक्षिकेला सांगते. त्या हसतात. अभ्यासक्रम वरून आलेला असतो.

घाटंजी तालुक्यातल्या एका घरी पडवीत मशीन, भिंतीवर चौकटीतलं प्रमाणपत्र. मी कौतुक केलं, तर घरधनीण म्हणाली, “ताई, कागद त भेटला, पन बाया अजून फॉल-पिकोच घिऊन येतात. बेलाउजाचं कापड द्याले भेतात.” तिला दुसऱ्यांदा शिकायचं होतं. पण योजनेच्या लेखी ती ‘लाभ घेतलेली’, आता नंबर दुसरीचा. नवख्या बाईला पहिला वर्ग हवाच. पण जिचा घरगुती धंदा सुरू झाला आहे, तिला पुढचा वर्ग देणारं फारसं कोणी नाही. माझी तक्रार एवढीच, आणि ती मी दरवर्षी करते.

वस्तूंच्या गटात ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने मोठा बदल झाला. वस्तूऐवजी पैसे थेट खात्यात येऊ लागले. आधी मशीन घ्या, पावती जोडा, मग अनुदान. मला हे आवडलं, कारण बाई आपल्या पसंतीचं मशीन घेते. वाटपात आलेलं, बॉबीनमध्ये दोरा गुंतवणारं मशीन गळ्यात पडत नाही. पण आधी लागणारी रक्कम आणायची कुठून? इथे बचत गट धावून येतो. गटाचं अंतर्गत कर्ज घ्यायचं, अनुदान आलं की फेडायचं.

वेळेचं गणित मात्र अजून कोणी सोडवलेलं नाही. आमचा जिल्हा कापसाचा. वेचणीच्या मुहूर्ताची सीतादहीची पूजा झाली, वेचणी लागली की बाई दिवसभर वावरात. तेव्हा वर्गात बसणार कोण? वेचणी सरते तोवर मार्च एंड येतो आणि निधी खर्ची घालायची घाई सुरू होते. तोच लग्नसराईचा, म्हणजे ब्लाउज शिवून कमवायचा काळ. त्यात मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आले. हे गणित ज्यांच्या कानावर घालायचं, त्या सभापतीबाईंची खुर्चीच रिकामी झाली.

कामाची ऑर्डर मिळाली म्हणजे सगळं सुटतं का? २०२४-२५ मध्ये राज्याने शाळांचे गणवेश माविमच्या बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं. कल्पना सुरेख. कापड मात्र वरून, कापलेलं. गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, तक्रारी झाल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हा कारभार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. खापर काही ठिकाणी शिवणाऱ्या बायांवर फुटलं. पोराच्या छातीला टेप न लावता ठरवलेल्या मापाला शिवणारी काय करणार? हेच काम गावातल्या बाईने गावच्या शाळेत जाऊन, माप घेऊन केलं असतं तर? समित्यांना आता ते करता येतं. गावची शिवणारी त्यांनी शोधावी.

म्हणून माझं मागणं साधं आहे. सेसफंडाचा शिलाई वर्ग पेरणी-निंदण आटोपल्यावर, वेचणीआधी घ्या. जुन्या लाभार्थींसाठी फक्त ब्लाउजचा वेगळा वर्ग काढा, आणि त्यात शिलाईचा दर कसा ठरवायचा, उधारी कशी वसूल करायची, हेही शिकवा. यासाठी नवीन कायदा लागत नाही. पुढच्या आराखड्यात एक ओळ घातली तरी पुरे. मी तो तक्ता वाचणारच आहे.