दुधाचे दात आणि डोंगरातला फ्लोराइड

छोटा उदेपूर 2013 पर्यंत वडोदरा जिल्ह्यातच होता. जिल्हा वेगळा झाला, तरी तिथल्या राठवा आदिवासींसाठी मोठ्या दुखण्यावरचं ठिकाण म्हणजे वडोदऱ्यातल्या रावपुऱ्याजवळचं सयाजी रुग्णालय, शंभरेक किलोमीटरवर. छोटा उदेपूर जिल्ह्यातच अंबाडुंगरला फ्लोरस्पार या फ्लोराइडयुक्त खनिजाचा साठा आहे. काही गावांच्या पाण्यातही फ्लोराइड उतरतो. ‘फ्लोराइड दात राखतो, मग तिथल्या पोरांच्या दातांना कीड कशी लागेल?’ हा युक्तिवाद वरवर पटतो, पण फसवा आहे. प्रमाण लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की जबड्यात घडत असलेल्या दाताचं कवचच बिघडतं. पांढरे पट्टे, तपकिरी डाग दिसतात. डाग म्हणजे कीड नव्हे. पण डागाळलेल्या दाताला कीड लागत नाही, असंही नाही.

कीड लागते साखरेने. जंतू तिचं आम्ल करतात, सामू 5.5 च्या खाली उतरला की कवच विरघळू लागतं, आणि दिवसभर बिस्किट-गोळ्या चघळल्या तर लाळेला डागडुजीला उसंतच मिळत नाही. ‘आईबाप निष्काळजी’ म्हणणं सोपं. पाच रुपयांचं पाकीट गावातल्या दुकानात मिळतं, दंतवैद्य मिळत नाही. ‘दुधाचे दात पडणारच ना!’ हा दिलासाही फसवा: दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. कीड थोपवणारं सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड ड्रिलशिवाय लावता येतं, आणि 2021 पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आश्रमशाळांच्या आरोग्यतपासणीत ते आता यायला हवं.