सांडपाण्याचा उतार

जलजीवन मिशनने 2019 साली खेड्यातल्या माणसामागे रोज 55 लिटर नळाचे पाणी ठरवले. ते वापरून झाल्यावर जाणार कुठे? स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांची मर्यादा आली. त्यातले 30 टक्के वित्त आयोगाच्या अनुदानातून ग्रामपंचायतीने घालायचे. अठराशे वस्तीला हे जेमतेम पाच लाख होतात. निधी माणसे मोजून येतो, पाणी मात्र उतार पाहून वाहते. म्हणून लेव्हल घेणारा सर्वेक्षक आणि माती तपासणारा अभियंता मला महत्त्वाचे वाटतात. कोनशिलेवर त्यांची नावे नसतात. पण काळ्या मातीत पाणी सावकाश जिरते, ही नोंद त्यांनी केली नाही, तर शोषखड्डा तुंबतो आणि सांडपाणी पुन्हा रस्त्यावर येते.