परसातील छाट कलमे

बोरिवली-मुलुंडकडे परसात फळझाडाची फांदी लावली की पंधरवड्यात तिला पालवी फुटते, आणि लावणारा निश्चिंत होतो. पुढे ती एकाएकी वाळते. ही पालवी फांदीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. मुळे अद्याप फुटलेली नसतात. म्हणून पालवीवर विसंबू नये आणि फांदी उपटून तर कधीच पाहू नये.

छाट कलमाने सर्वच झाडे होत नाहीत. आंबा व चिकू यांच्या नुसत्या फांदीस सहसा मुळे येत नाहीत. आंब्याचे कोय कलम आणि चिकूचे खिरणीच्या खुंटावर बांधलेले कलमच आणावे. अंजीर, डाळिंब व तुती सहज लागतात. मात्र अंजीर-डाळिंबास पुरंदरसारखी कोरडी हवा मानवते, उपनगरातील दमट हवा नव्हे. तेव्हा नवशिक्याने तुतीपासून आरंभ करणे बरे.

वर्षभराची, पेन्सिलीएवढी जाड फांदी घेऊन वीतभर लांबीचे, चार-पाच डोळ्यांचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्यालगत तिरपा, वरचा आडवा ठेवावा, म्हणजे फांदी उलटी लागत नाही. दोन-तृतीयांश भाग रेतीमिश्रित मातीत पुरून माती दाबावी.

जून ते सप्टेंबर येथे पाऊस मुसळधार असतो आणि साचल्या पाण्यात फांदी कुजते. कुंडी वळचणीखाली न ठेवता ओसरीवर किंवा गॅलरीत, सावलीला ठेवावी. तळाशी भोके पाडलेला तेलाचा जुना डबाही चालतो. साधारण दीड-दोन महिन्यांनी नवी वाढ जोमाने सुरू झाली म्हणजे मुळे धरली असे समजावे व मगच रोप जमिनीत लावावे.