‘हे आपल्यातच राहील’ म्हणजे नेमकं किती?

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसांपैकी काहींवर, मग ते आयटीत असोत की एनएचएसमध्ये, हा प्रसंग येतो. अचानक मीटिंगला बोलावलं जातं. समोर मॅनेजर आणि एचआर, टेबलावर लिफाफा, आणि सुरुवातीलाच सांगितलं जातं की ही ‘प्रोटेक्टेड कॉन्व्हर्सेशन’ आहे, बाहेर बोलायचं नाही. मग प्रस्ताव येतो: इतके पैसे घ्या, नोकरी सोडा. अशा वेळी ऐकीव माहिती फार महागात पडते.

गैरसमज: त्या खोलीतलं बोलणं एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलपुढे कधीच येत नाही.

बोलणं ट्रायब्युनलपुढे न येण्याचं हे संरक्षण २९ जुलै २०१३ पासून ‘एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट १९९६’च्या कलम १११एने मिळालं, आणि ते फक्त सर्वसाधारण अन्यायकारक बडतर्फीच्या दाव्यापुरतं आहे. भेदभाव, गैरप्रकार उघड केल्याची शिक्षा, कराराचा भंग, गरोदरपणामुळे काढून टाकणं, यांपैकी कशालाही ते लागू नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईला कुणी म्हणालं, ‘आता तुम्हाला दोन्ही झेपायचं नाही, पैसे घ्या आणि मोकळ्या व्हा’, तर भेदभावाच्या दाव्यात कलम १११ए त्या वाक्यावर पांघरूण घालू शकत नाही. आधीपासून खरा वाद चालू असेल, तर मात्र ‘विदाऊट प्रेज्युडिस’ हा, तडजोडीची बोलणी पुरावा म्हणून न वापरण्याचा जुना नियम लागतो. तो भेदभावाच्या दाव्यातही चालतो. कोणतं वाक्य पुढे कामी येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून घरी पोचताच तारीख, वेळ आणि कोण काय बोललं ते शब्दशः लिहून ठेवा. बोलणं गुप्त असलं तरी स्वतःसाठी टिपण ठेवायला कुणी रोखू शकत नाही.

गैरसमज: बोलणी गुप्त आहेत, म्हणजे मालक काहीही बोलला तरी चालतं.

चालत नाही. नोकरीतले वाद मिटवायला मदत करणाऱ्या अकॅस या सार्वजनिक संस्थेच्या संहितेत अयोग्य वर्तनाची उदाहरणंच दिली आहेत. शिस्तभंगाची कारवाई सुरूही झाली नसताना ‘सही केली नाहीत तर काढून टाकू’ असं म्हणणं हे त्यातलंच एक. असं घडलं तर ते संरक्षण किती द्यायचं हे ट्रायब्युनल ठरवतं. ‘तडजोड झाली नाही तर शिस्तभंगाची कारवाई सुरू होऊ शकते’ एवढं शांतपणे सांगणं मात्र नियमात बसतं. दोन्ही वाक्यांतला फरक बारीक आहे. नेमके शब्द लिहून ठेवायचे ते म्हणूनच.

गैरसमज: आज सही केली नाही तर प्रस्ताव जातो.

हा दबाव मला सगळ्यात वाईट वाटतो. लेखी अटी हातात पडल्यावर विचार करायला आणि सल्ला घ्यायला सर्वसाधारणपणे किमान १० दिवस द्यावेत, असं अकॅस सांगतं. शिवाय स्वतंत्र सल्लागाराचा सल्ला घेतल्याशिवाय, नुसत्या सहीने कायद्याने दिलेले हक्क सुटत नाहीत. हा सल्लागार वकील किंवा युनियनचा प्रमाणित प्रतिनिधी असू शकतो. फीचा काही भाग बहुधा कंपनी देते. तेवढ्यावर न थांबता रकमेबद्दलही बोला. पहिला आकडा क्वचितच शेवटचा असतो.

गैरसमज: ३०,००० पौंडांपर्यंत सगळं करमुक्त.

भरपाईची रक्कम करमुक्त असू शकते. नोटीस काळाचा पगार आणि उरलेल्या रजेचे पैसे करपात्रच.

गैरसमज: बोलणी चालू आहेत तोवर दाव्याची मुदत थांबते.

नुसत्या बोलण्यांनी थांबत नाही. मुदत थांबते ती अकॅसकडे ‘अर्ली कन्सिलिएशन’ची, म्हणजे दाव्याआधीच्या समेटाची, नोंद केल्यावर. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर आणखी एक घड्याळ चालू असतं. नोकरी संपल्याचं कंपनी होम ऑफिसला कळवते, आणि व्हिसाची मुदत सहसा ६० दिवसांवर आणली जाते. त्यामुळे नोकरीचा शेवटचा दिवस कोणता, हाही तडजोडीत मागायचा मुद्दा आहे. महिनाभर पुढची तारीख मिळाली तर नवा स्पॉन्सर शोधायला तेवढा वेळ हाती राहतो.