बरगड्यांच्या फटीतून

2021च्या एप्रिल-मे महिन्यांत कोविडचा रुग्ण असलेल्या घरी फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला असे: "स्कोअर किती आला?" फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी पाचपर्यंत, म्हणजे एकूण 25 पैकी दिलेले एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचे, ते गुण. राज्य सरकारने सप्टेंबर 2020मध्ये या तपासणीचे दर यंत्रानुसार 2000 ते 3000 रुपयांवर बांधून दिल्याने ती बऱ्याच जणांच्या आवाक्यात आली. पण त्या गुणांची खरी उणीव वेगळीच होती. ते एका दिवसाचे गुण होते, आणि विषाणूचा न्यूमोनिया एका दिवसाचा नसतो. ताप उतरल्यासारखा वाटतो आणि नेमका तेव्हाच, पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे, श्वास आखूड होऊ लागतो. अशा वेळी ऑक्सिजनवरच्या पंचाहत्तरीच्या आजीबाईंना दर दोन दिवसांनी स्ट्रेचरवर घालून सीटीच्या खोलीत नेणार कोण? म्हणून वृद्धांच्या बाबतीत माझा कौल सोनोग्राफीच्या बाजूने आहे. विषाणूचं नाव तिला सांगता येत नाही. पण आजार कुठल्या दिशेने चालला आहे, हे ती खाटेशेजारी रोज मोजू शकते.

खरं तर फुप्फुस हा सोनोग्राफीचा शत्रूच. ध्वनिलहरी हवेला आपटून जवळजवळ सगळ्या परत फिरतात, त्यामुळे निरोगी फुप्फुसाचं चित्र दिसतच नाही. म्हणूनच जुने डॉक्टर या तपासणीला निरुपयोगी मानत. डॅनियल लिख्टनस्टाइन या फ्रेंच अतिदक्षता तज्ज्ञाने हा समज उलटा केला. 2008मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची 'ब्लू' पद्धत आज जगभर शिकवली जाते. चित्र दिसत नसेल तर पडद्यावर उमटणारे आभासच वाचायचे, ही त्यातली युक्ती. जेल लावून प्रोब दोन बरगड्यांच्या मधल्या फटीवर ठेवला, की पंख पसरलेल्या वटवाघळासारखी आकृती दिसते. पंख म्हणजे बरगड्या, आणि मधली चकचकीत रेघ म्हणजे फुप्फुसाचं आवरण. ही रेघ श्वासागणिक मुंग्यांच्या रांगेसारखी सरकते. खाली हवा असेल तर याच रेघेचे आडवे प्रतिध्वनी समान अंतरावर उमटतात. हवा कमी होऊन पाणी किंवा सूज वाढली, की आवरणापासून पडद्याच्या तळापर्यंत उभे झोत निघतात, अंधारात बॅटरी मारल्यासारखे. या 'बी-लाइन्स'. एका फटीत तीन किंवा जास्त दिसल्या तर तिथे बिघाड आहे. झोत एकमेकांत मिसळून पांढरा पडदाच झाला तर बिघाड वाढला, आणि फुप्फुस यकृतासारखं घट्ट दिसू लागलं तर तिथली हवा संपली. दोन्ही बाजूंच्या मिळून बारा जागांना 0 ते 3 गुण दिले की 36 पैकी आकडा मिळतो. तोही स्कोअरच, पण उद्या पुन्हा काढता येणारा.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात याचं मोल अधिक आहे, कारण इथल्या म्हाताऱ्या माणसाची छाती कोरी पाटी नसते. यंत्रमागाच्या शेडमध्ये तीस-चाळीस वर्षं सुताची धूळ आत गेलेली, जोडीला बिडी, कधी लहानपणी होऊन गेलेला क्षय. स्टेथोस्कोपला तिथे आजारपणाआधीही खरखर ऐकू येते. वृद्धाला न्यूमोनियात ताप येईलच असंही नाही. जेवण तुटतं, माणूस बरळतो, मोरीत पडतो आणि घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. आडवं झोपवून काढलेला एक्स-रे धूसर येतो. इटलीतल्या पार्मा इथे सरासरी 83 वर्षं वयाच्या 169 रुग्णांवर झालेला अभ्यास 2016मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया ओळखण्यात सोनोग्राफीची अचूकता सुमारे 90 टक्के भरली, एक्स-रेची 67. पुढे कोविडवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन आढावा 2022मध्ये आला. त्यात बाधित रुग्ण हेरण्यात सोनोग्राफी सुमारे 89 टक्के, सीटी 87 आणि एक्स-रे 73 टक्क्यांवर होता.

मात्र याच आढाव्यात दुसरा आकडाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कोविड नसलेल्यांना 'नाही' म्हणण्यात सोनोग्राफी 72 टक्क्यांवरच थांबली, सीटी 78. कारण बी-लाइन्स विषाणूची सही नाहीत. हृदय थकून फुप्फुसात पाणी साचलं तरी त्या दिसतात, जुन्या व्रणांमुळेही दिसतात, आणि म्हातारपणी थोड्याफार तशाही असतात. आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर तपशिलात आहे. हृदयाच्या पाण्यात आवरणाची रेघ गुळगुळीत राहते आणि दोन्ही बाजू सारख्याच भरतात. विषाणूच्या न्यूमोनियात रेघ जाड, खडबडीत, तुटक होते. एक जागा बिघडलेली, शेजारची चांगली. शिवाय लघवी होण्याचं इंजेक्शन दिल्यावर हृदयाचे झोत काही तासांत विरळ होतात, विषाणूचे हटत नाहीत. जुना व्रण तर आज, उद्या, परवा तसाच. म्हणजे एका चित्रात जो घोळ आहे, तो तीन दिवसांच्या चित्रांत बराचसा सुटतो.

तपासणाऱ्याच्या हातावर सगळं अवलंबून, हा दुसरा आक्षेप. गुणांकन नीट जमायला देखरेखीखालच्या सुमारे 25 तपासण्या पुरतात, असं फ्रान्समधल्या ज्यां-जाक रुबी यांच्या गटाने 2018मध्ये मांडलं. निवासी डॉक्टरला हे अशक्य नाही. मला धास्ती वाटते ती आळसाची. विषाणूची खोड बहुधा पाठीकडे, खालच्या भागात असते, आणि आजोबांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात. छाती समोरून तपासून कागदावर '36 पैकी 4' लिहिणं फार सोपं आहे. खोलवरचा, आवरणापर्यंत न पोचलेला डाग या यंत्राला दिसत नाही, तिथे सीटीच लागते.

राहता राहिला सोनोग्राफीच्या यंत्रांचा कायदा. गर्भलिंगनिदानाला वेसण घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988मध्ये केला, 1994मध्ये केंद्राचा आला. तरीही 2011च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 894 मुली उरल्या होत्या. त्यामुळे आजोबांची छाती तपासायलाही यंत्र नोंदणीकृतच हवं, याबद्दल कुरकुर करणाऱ्यांशी मी सहमत नाही. 2012च्या नियमांनुसार हलतं यंत्र नोंदणीकृत जागेत, दाखल रुग्णांसाठी वापरता येतं, किंवा इतर आरोग्यसेवा देणाऱ्या फिरत्या पथकात. वॉर्डातल्या खाटेपाशी नेण्यात त्यामुळे अडचण नाही. अडचण तात्पुरत्या जागांची आहे. 2020मध्ये भिवंडीतल्या शांतीनगरच्या मक्का मशिदीत कोविड रुग्णांसाठी ऑक्सिजनची सोय करावी लागली होती. अशा ठिकाणी सिलिंडर पोचतो, ऑक्सिमीटर पोचतो; सोनोग्राफीचं यंत्र नुसतं उचलून नेलं तर तो गुन्हा ठरेल. अशा जागांची नोंदणी साथ येण्याआधी करून ठेवता येईल. साथीच्या काळात शहराच्या आरोग्याची जबाबदारी महापालिकेची, आणि या कायद्याखाली नोंदणी देणारा समुचित प्राधिकारीही महापालिकेचाच आरोग्य अधिकारी.