वाघाचे दूध आणि दुपारचे तीन

'वाघिणीचे दूध' म्हटले की मराठी वाचकाला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि इंग्रजी भाषा आठवते. पेरूची राजधानी लिमा येथे मात्र 'लेचे दे तिग्रे', म्हणजे वाघाचे दूध, पेल्यातून पितात. कच्च्या मासळीला लिंबू, मीठ, कांदा आणि मिरची लावल्यावर सुटणारा हा पांढुरका, आंबट-तिखट रस. त्या मासळीचे नाव सेविचे. चांगले सेविचे कुठे मिळेल असे विचारले, तर लिमाकर अनेकदा एखाद्या 'वारिके'कडे बोट दाखवतो. वारिके म्हणजे माहीतगारांनाच ठाऊक असलेली, चार-सहा टेबलांची खानावळ.

एवढ्याशा जागी मासळी ताजी आणि स्वस्त कशी? किनाऱ्यालगत वाहणाऱ्या थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे पेरूचा समुद्र मासळीने समृद्ध आहे, हे एक कारण. दुसरे कारण घड्याळात आहे. जुन्या रिवाजानुसार सेविचे हे दुपारचे खाणे. पहाटेची मासळी दुपारी खपवायची आणि तीन-चारच्या सुमारास दार लावायचे. त्यामुळे साठवणीचा खर्च वाचतो. लेपीसारखा चपटा लेंग्वादो महाग, म्हणून बोनितो किंवा त्या दिवशी जे परवडेल ते घ्यायचे. डोकी-काट्यांचे सार होते. वाया जात नाही काहीच.

इथले लिंबू म्हणजे आपले कागदीच. मूळ आशियातले हे फळ स्पॅनिशांबरोबर तिकडे गेले. बशीतले रताळे आणि मिरची मात्र अमेरिकेची. ती उलट वाटेने आपल्या उपासाच्या ताटात आली. १८९९ साली जपानी मजुरांचे पहिले जहाज कायाओ बंदराला लागले. पूर्वी मासळी तासन्‌तास लिंबात मुरवत. आता ती काही मिनिटांतच वाढतात, यामागे जपानी वंशाच्या आचाऱ्यांचा मोठा वाटा मानला जातो.

लिंबाच्या आम्लाने मासळीतील प्रथिनांची घडण बदलते. ती पांढरी, घट्ट होते, शिजल्यासारखी दिसते. पण उष्णतेने मरणारे सगळे जंतू आणि कृमी आम्लाने मरत नाहीत. म्हणजे खाणाऱ्याचा खरा भरवसा लिंबावर नसून मासळीच्या ताजेपणावर असतो.

१९९१ साली हा भरवसा तुटला. जानेवारीत किनारी शहरांत कॉलरा सुरू झाला. वर्षभरात तीन लाखांहून अधिक लोक आजारी पडले, सुमारे तीन हजार दगावले. कच्च्या मासळीवर संशय गेला आणि कोळ्यांचा धंदा बसला. लोकांची भीती घालवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी कॅमेऱ्यासमोर कच्ची मासळी खाल्ली. आरोग्य क्षेत्रातून त्यावर टीकाही झाली. मासळीवरचा संशय अगदीच निराधार नव्हता, पण शहराशहरांतल्या तपासांत मुख्य दोष दूषित पिण्याच्या पाण्याकडे निघाला. नळांची आणि गटारांची दुरवस्था सरकारची होती, तिचा भुर्दंड मात्र होडीवाल्याने आणि छोट्या खानावळीने भरला.

२०२३ साली युनेस्कोने सेविचेच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले. हा मान योग्यच आहे. त्याचा विचार करताना पहाटेच्या होडीइतकेच मासळी धुण्याच्या पाण्याकडेही पाहायला हवे. वारिकेच्या मालकाला मासळी पारखता येते. नळाला येणारे पाणी त्याच्या हातात नसते.